उसनी क्लायंट

मानसशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला घरी चहाला बोलावू नये, असं माझी धाकटी जाऊ म्हणायची. चहा जरा गोड झालाय एवढं मी म्हटलं तरी तिला वाटायचं, हिने आता माझ्या बालपणाबद्दल काहीतरी ताडलं. अशी चार माणसं ठरवून एकत्र बसली तर काय होत असेल, याची तिला कल्पनाच नव्हती. मला आहे, कारण त्या चारांतली एक मी.

बहुतेक कॉलेजांत आमच्या विषयाला एकच शिक्षक असतो. इतिहासवाल्यांना भांडायला दुसरा इतिहासवाला मिळतो, आम्हाला स्टाफरूममध्ये भिंतीशी बोलावं लागतं. म्हणून दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही चौघं नागपुरात रामदासपेठेतल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत जमायचो. कोण काय नवीन शिकवतंय, कोणाचं संशोधन कुठे अडलंय, हे बोलायचं आणि आलुबोंडे खायचे. नावं घ्यायची आमच्यात पद्धत नाही. ज्याचं कॉलेज जिथे, ते त्याचं नाव. कळमन्याचे सर, मौद्याचे सर, रामदासपेठेच्या मॅडम आणि मी प्रतापनगरच्या मॅडम. मोबाइलमध्येही आम्ही एकमेकांना तसंच साठवलेलं आहे.

कळमन्याचे सर वर्तनवादी. माणूस काय विचार करतो याच्याशी त्यांना देणंघेणं नाही, तो करतो काय एवढंच बघायचं आणि चांगलं केलं की बक्षीस द्यायचं. त्यांच्या खिशात कायम लिमलेटच्या गोळ्या असतात. वेळेवर आलं की एक गोळी मिळते, आणि लाज वाटते सांगायला, पण आम्ही सगळे वेळेवर यायला लागलो होतो. त्यांनी कळमना मार्केटातल्या अडत्यांना एकदा निर्णयक्षमतेवरची प्रश्नावली वाटली. अडत्यांनी चहा पाजला आणि प्रत्येक प्रश्नापुढे 'सहमत'वर खूण करून दिली. एकमेकांच्या विरुद्ध असलेल्या प्रश्नांनासुद्धा. सर म्हणाले की नमुना बिघडला. आम्ही म्हटलं, सर, तुम्हालाच चांगलं ओळखलंय त्यांनी.

मौद्याचे सर नेमके उलट. त्यांना सगळं खोलातलं दिसतं. मौद्याच्या वीजकेंद्रात पाळीवर काम करणाऱ्यांच्या स्वप्नांवर त्यांना संशोधन करायचं होतं. मुलाखतीला बसलेली माणसं खुर्चीतच झोपी जायची. सरांना त्यातही अर्थ दिसायचा.

आणि रामदासपेठेच्या मॅडम. कडक इस्त्रीची सुती साडी, ताठ पाठ, मोजकं बोलणं. त्यांचा विषय समुपदेशन, आणि त्यातही शांतता. समोरचा बोलायचा थांबला की समुपदेशकाने गप्प कसं बसायचं, यावर त्या दोन तास बोलू शकतात. आई गेल्यापासून त्या एकट्याच राहतात. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान, पण मला कायम त्यांचा धाक वाटायचा. रविवारी सकाळी त्यांचा फोन ठरलेला. विषय एकच, प्रश्नपत्रिका. एका प्रश्नपत्रिकेवर तास-तासभर काय बोलता गं, असं माझा मुलगा घरी आला की विचारायचा. मी म्हणायची, तुला नाही कळणार, नवीन अभ्यासक्रम आहे.

आमच्यात एक देवघेव होती, ती मात्र दुसरीकडे कुठे मी पाहिली नाही. शेवटच्या वर्षाच्या मुलांना समुपदेशन प्रत्यक्ष दाखवावं लागतं. एक समुपदेशक, समोर एक क्लायंट, आणि मुलं बघून टिपणं काढणार. आता क्लायंट आणायचा कुठून? मुलांतलाच कोणी उभा केला की तो हसत सुटतो. आपल्या कॉलेजच्या शिक्षकाला बसवलं की मुलं त्याला ओळखतात. म्हणून आम्ही एकमेकांना क्लायंट म्हणून उसने द्यायचो. आपल्याकडे नाही का, पाहुणे आले की शेजारून खुर्च्या आणतात, तसं. मुलांना सांगायचं, या बाई बाहेरून आल्यात, यांची एक अडचण आहे. मुलांनाही ठाऊक असायचं की हे नाटक आहे, पण परकं माणूस म्हटलं की ती नीट बसायची.

नियम दोनच, आणि दोन्ही रामदासपेठेच्या मॅडमनी घातलेले. एक म्हणजे अडचण खोटी हवी. वर्गासमोर खरी जखम उघडायची नाही. आणि दुसरा, समुपदेशकाने सल्ला द्यायचा नाही. काही झालं तरी नाही. 'सल्ला देणं हा शेजाऱ्यांचा धंदा आहे, आपला नाही,' हे त्यांचं वाक्य. क्लायंटने स्वतःची वाट स्वतः शोधायची, आपण फक्त कंदील धरायचा. आमच्यापैकी कोणी चुकून 'मग तुम्ही असं करा ना' म्हणालं, की मागच्या बाकावरून त्या खोकायच्या. त्या खोकल्याने भल्याभल्यांचा घसा कोरडा पडायचा.

मला क्लायंट व्हायला फार आवडायचं. शाळेत असताना नाटकात काम केलं होतं, तेवढ्यावर मी स्वतःला अभिनेत्री समजते. दारुड्या नवऱ्याची बायको झाले, परीक्षेला घाबरणारी मुलगी झाले, एकदा तर उंचीला घाबरणारी लिफ्टवाली झाले. पोरं टाळ्या वाजवायची.

त्या वर्षी मात्र माझी स्वतःचीच एक अडचण चालू होती. मी निवृत्त होणार होते आणि मुलगा पुण्याला बोलवत होता. हे गेल्यावर इतकी वर्षं मी प्रतापनगरच्या फ्लॅटमध्ये एकटीच. तो आणि सूनबाई नवीन घर घेत होते. माझ्यासाठी एक खोली वाढवून घ्यायची का, हे बिल्डरला दिवाळीआधी सांगायचं होतं. पोरगा गुणी आहे हो. त्याचं एकही वाक्य खोडून काढता येत नव्हतं. एकटीने कशाला राहायचं, आजारी पडलीस तर कोण आहे, इथे सगळं जवळ आहे. आणि एकदा त्याने अगदी मायेने विचारलं, "आई, नागपुरात आता तुझं आहे कोण?"

मी मनातल्या मनात माणसं मोजायला लागले. बहीण अमरावतीला. शेजारच्या वहिनी लेकीकडे बंगळूरला गेल्या, त्या गेल्याच. कॉलेजातली माणसं काय, शाल देतात, नारळ देतात आणि पुढच्या महिन्यात तुमची खुर्ची कोणाला द्यायची ते ठरवतात. मी म्हटलं, बघू. तो प्रत्येक वेळी विचारायचा आणि मी प्रत्येक वेळी बघू म्हणायची. ठामपणे नाही कसं म्हणावं, हे मी आयुष्यभर पोरांना शिकवत आले. त्यावर माझ्या नोट्सची झेरॉक्स अजून वर्गावर्गांतून फिरते. आणि घरच्या फोनवर माझ्या तोंडून नाहीही निघेना आणि होही निघेना.

त्यातच कळमन्याच्या सरांच्या कॉलेजात माझी क्लायंट व्हायची पाळी आली. मी चांगली कडक सासू रचून नेली होती. खुर्चीत बसले, सर म्हणाले, 'बोला, काय त्रास आहे?' आणि सासू जी डोक्यातून उडाली ती उडालीच. तोंडाला आलं ते बोलून मोकळी झाले. मुलगा पुण्याला बोलावतो, जावं की नाही कळत नाही. फक्त मी मानसशास्त्राची न राहता गणिताची शिक्षिका झाले, एवढाच काय तो बदल. नियम मोडला हे मला कळत होतं, पण पुण्याचं मी कोणाला सांगितलं नव्हतं, त्यामुळे त्यांना कळत नव्हतं, तेव्हा चाललं.

सरांनी ताबडतोब माझं वर्तन बदलायला घेतलं. रोज एक वस्तू खोक्यात भरायची आणि भरली की स्वतःला एक बक्षीस द्यायचं. गोळी, चहा, आवडती मालिका, काहीही. मी म्हटलं, पण जायचं की नाही तेच ठरलेलं नाही. ते म्हणाले, भरत गेलात की आपोआप ठरेल. पोरांनी मान डोलावली. नंतर आलुबोंडे खाताना चर्चा झाली तेव्हा मौद्याच्या सरांनी माझ्या अभिनयावर बोट ठेवलं. "मॅडम, मागच्या येळचा रोल भारी होता. आज तुम्ही रडून राहिल्या का हसून राहिल्या, मले समजलंच नाही. आवाज फाटला ते तर एकदम नाटकी वाटलं."

खरं रडू आलेल्या बाईला नाटकी म्हणतात म्हणजे काय! मी घरी जाईपर्यंत धुमसत होते. आणि खरं सांगू का, त्या धुमसण्यातच मी ठरवलं की पुढच्या खेपेलाही हीच अडचण न्यायची. बघू कोणाला पटत नाही ते.

पुढची खेप मौद्याला. भंडारा रोडने आम्ही कळमन्याच्या सरांच्या गाडीतून गेलो. पुढच्या सीटवर रामदासपेठेच्या मॅडम, मागे मी आणि सरांचा गोळ्यांचा डबा. मौद्याच्या सरांनी वर्गात पडदे ओढून घेतले, मला आरामखुर्ची दिली आणि अलीकडे पडलेलं एखादं स्वप्न विचारलं. मला स्वप्नं पडत नाहीत. मी आपलं ठोकून दिलं की मेट्रोत बसले आहे, माझं स्टेशन येतच नाही आणि दारही उघडत नाही. सर इतके खूश झाले की त्यांनी फळ्यावर मेट्रोच काढली. मेट्रो म्हणजे मुलगा, स्टेशन म्हणजे माझी आई, आणि न उघडणारं दार म्हणजे काय ते त्यांनी मुली बसल्या होत्या म्हणून सांगितलं नाही. शेवटी त्यांचा निष्कर्ष निघाला की मला पुण्याचा राग नसून वडिलांचा राग आहे. माझे वडील साधे पोस्टमन होते, कोणाला मोठ्याने बोलले नाहीत कधी. वरून बघत असतील तर त्यांनीही कपाळाला हात लावला असेल.

त्या दिवशी चर्चेत रामदासपेठेच्या मॅडम बोलल्या. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या की ही क्लायंट त्यांना पटत नाही. मुलगा चांगला, सून चांगली, घर मोठं. मग या बाईचं पाऊल अडतं कशात? तुम्ही ते कारणच रचलेलं नाही. पुढच्या महिन्यात माझ्या वर्गात याल, तेव्हा कारण नीट ठरवून या.

बाई गं! माझ्याच आयुष्यात कारण कच्चं आहे म्हणून मला गृहपाठ मिळाला होता. मी तो मनापासून केलाही. रोज सकाळी गॅलरीत चहा घेऊन बसायचं आणि विचार करायचा की मला का जायचं नाही. फ्लॅट? त्याचं बाथरूम गळतं. नागपूरचं ऊन? ते तर कोणालाच नको. झाडं, रस्ते, ओळखीचा भाजीवाला, असं काहीबाही मनात आणून पाहिलं, पण एवढ्यासाठी पोटच्या पोराला कोणी नाही म्हणत नाही. महिना सरला, कारण काही सापडलं नाही. उलट एक गोष्ट स्पष्ट झाली आणि तिने माझी झोप उडवली. मला पुण्याला जाण्याची भीती नव्हतीच. मी गेले तर इथे कोणाला काही फरक पडणार नाही, याची भीती होती. आणि तसंच असेल तर मग गेलेलं बरं. मुलाला मी सांगितलं, शनिवारी संध्याकाळी नक्की कळवते. मनातून मी हो म्हणून टाकलंच होतं.

तोच शनिवार रामदासपेठेच्या मॅडमच्या वर्गाचा. दोन खुर्च्या समोरासमोर, जरा तिरक्या, मधे काही नाही. टेबल म्हणजे भिंत, असं त्या म्हणतात. मुलं वह्या उघडून तयार. मागच्या बाकावर दोन्ही सर.

मॅडमनी काहीच विचारलं नाही. नुसत्या बघत राहिल्या. त्या शांततेची मी किती वर्षं थट्टा केली होती. मॅडम, तुमच्या शांततेत माझा डोळा लागतो, असं मी त्यांना तोंडावर म्हटलेलं आहे. पण समोर बसल्यावर कळलं की त्या नजरेपुढे खोटं बोलता येत नाही. मी बोलत सुटले. मुलाचं घर, ती वाढीव खोली, बिल्डर, दिवाळी. गणिताची शिक्षिका केव्हाच मागे पडली. मधे बोलण्याच्या ओघात मी शनिवारचं नाव घेतलं, रविवारच्या फोनचंही घेतलं असावं. मॅडम मान हलवत होत्या, मुलं भराभर लिहीत होती.

शेवटी मी म्हटलं, "तो विचारतो, तिथे तुझं आहे कोण? मी महिनाभर शोधते आहे. माझ्याजवळ उत्तर नाही. मी गेले तर कोणाचं काही अडणार नाही. म्हणून मी आज त्याला हो म्हणणार आहे."

आता इथे समुपदेशकाने काय म्हणायचं ते ठरलेलं असतं. क्लायंटचीच भावना तिला परत ऐकवायची. 'आपल्यावाचून कोणाचं अडत नाही, याचं तुम्हाला दुःख होतंय.' पुस्तकातलं वाक्य आहे, मीच शिकवते. मी त्याची वाट बघत होते. मॅडम गप्प. बराच वेळ गप्प. पुढच्या बाकावरच्या मुलीने 'शांततेचा वापर' असं लिहून त्याखाली रेघ मारलेली मला दिसली. मॅडमनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"मॅडम," त्यांनी विचारलं, "हे खरं आहे का?"

असं कधी विचारायचं नसतं. मी हो म्हटलं.

मॅडमची ताठ पाठ पहिल्यांदाच खुर्चीला टेकलेली मी पाहिली. त्या माझ्याकडे बघत होत्या, पण आवाज वर्गातला नव्हता, कुठल्या तरी अंगणातला होता.

"जाऊ नको वं," त्या म्हणाल्या. "तू गेली तर मले करमणार नाही."

इतकी वर्षं आम्ही एकमेकींना अहो-जाहो करत होतो. मी पदर तोंडाला लावून, भर वर्गात, पोरांसमोर ढसाढसा रडले. मला इतका आनंद झाला होता की तो कुठे ठेवू हेच कळत नव्हतं.

तेवढ्यात त्या पुढच्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. हुशार मुली अशा वेळी हात वर करतातच. तिने विचारलं, "मॅडम, हा सल्ला झाला ना?"

मॅडमनी चष्मा पुन्हा चढवला. "झाला. समुपदेशकाने इथे चूक केली. चूक कोणती ते लिहून घ्या, परीक्षेला येईल."

सगळ्यांनी लिहून घेतलं.

चर्चेला आम्ही चौघं प्रयोगशाळेत बसलो तेव्हा माझे डोळे सुजलेले होते आणि मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. कळमन्याच्या सरांनी दोघींपुढे एकेक गोळी ठेवली आणि वर आणखी एकेक. म्हणाले, आज काय काम केलं दोघींनी, अंगावर काटा आला. मौद्याचे सरही कबूल झाले की या वेळी रडणं एकदम अस्सल उतरलं, सराव केल्याचं दिसतं. फक्त मॅडमनी सल्ला द्यायला नको होता, तेवढ्याने सगळा प्रयोग वाया गेला. माणसाच्या मनाचे हे दोन जाणकार समोर बसून आलुबोंडा खात होते आणि त्यांना कशाचा पत्ता नव्हता. मी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी सरांच्या टीकेवर गंभीरपणे मान हलवली आणि चूक मान्य केली. मग त्यांना हसू आवरेना, मलाही आवरेना. सरांना वाटलं, रडण्याचा ताण ओसरतोय.

संध्याकाळी मी मुलाला फोन लावला. मनात जुळवाजुळव करत बसले नाही. म्हटलं, मी येत नाहीये रे. त्याला लागलं होतं, ते मला फोनवरही कळलं आणि माझाही जीव कळवळला. का, असं त्याने विचारलं. आयुष्यभर मुद्देसूद बोलायला शिकवणाऱ्या बाईने त्याला सांगितलं की मला इथे करमतं आणि माझ्यावाचून इथे एकीला करमत नाही. दुसरं कारण नाही.

"मग त्या खोलीचं काय करू?" त्याने विचारलं. आवाज अगदी लहानपणीचा.

"घेऊन ठेव. आम्ही दोघी येत जाऊ ना सुट्टीत."

"दोघी म्हणजे? तू आणि कोण?"

रामदासपेठेच्या मॅडम, असं ओठांवर आलं होतं. कितीतरी वर्षं घरात त्यांचा उल्लेख तसाच व्हायचा, मुलालाही तेवढंच माहीत होतं.

"मी आणि माझी मैत्रीण," मी म्हटलं.